गॅस ‘गोड’ करणारा पडदा: मेम्ब्रेन युनिटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

मेम्ब्रेन युनिटवर, म्हणजे नैसर्गिक वायूतले नकोसे वायू पातळ पडद्याने वेगळे करणाऱ्या युनिटवर, नवा इंजिनिअर रुजू झाला की त्याला आधी पडदे भरलेल्या नळकांड्यांच्या लांबच लांब रांगा बघायच्या असतात. मी त्याला तिकडे नेत नाही. आधी नेतो कोअलेसर फिल्टरच्या (गॅसमधले बारीक थेंब वेगळे करणाऱ्या गाळणीच्या) ड्रेनपाशी आणि विचारतो, ‘काल रात्रीपासून इथून किती द्रव निघाला?’ हे उत्तर ज्याला रोज तोंडपाठ असतं त्याचे पडदे वर्षानुवर्षं टिकतात. ज्याला नसतं, त्याचे पडदे बघता बघता जातात आणि मग सगळे मिळून पडद्याच्या कंपनीला दोष देतात. या लेखात पायऱ्या बऱ्याच आहेत, पण माझा जीव अडकलाय तो याच एका गोष्टीत: गॅस पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच पडद्याचं भवितव्य ठरलेलं असतं.

पायरी १: तुमचा गॅस कोणता, ते कागदावर घ्या

विहिरीतून येणारा नैसर्गिक वायू निव्वळ मिथेन नसतो. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, कुठे कुठे हायड्रोजन सल्फाइडही असतो. दोन्ही पाण्यात विरघळले की आम्ल तयार होतं आणि ते पाइप खातं, म्हणून त्यांना आम्लवायू म्हणायचं. हायड्रोजन सल्फाइड त्यावर विषारीही आहे. असा गॅस ‘सावर’, म्हणजे आंबट. हे वायू काढून टाकले की तो ‘स्वीट’, आणि त्या कामाला स्वीटनिंग म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅस (नकाशावर ‘बेसीन’ लिहिलेलं असतं, पण नाव आपल्या वसईचंच) सावर आहे. तो समुद्राखालच्या पाइपलाइनने हजिऱ्याला जातो आणि तिथे अमाइनच्या (आम्लवायू शोषून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने धुतला जातो. त्यामुळे उरण-हजिऱ्याकडून आलेल्या आपल्या बहुतेक मुलांची स्वीटनिंगशी ओळख अमाइनमधून झालेली असते. मेम्ब्रेनकडे येताना ती सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

कागदावर काय हवं? गॅसचा दाब, तापमान, प्रवाह, दोन्ही आम्लवायूंचं प्रमाण, पाणी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जड हायड्रोकार्बन (सहा किंवा जास्त कार्बन अणूंचे रेणू, म्हणजे ‘सी-सिक्स-प्लस’). ‘सी-सिक्स-प्लस इतके टक्के’ असा एकच आकडा देणारा लॅबचा रिपोर्ट परत पाठवा. सी-नाइन, सी-टेनची बारीकशी शेपटीसुद्धा गॅसचा दवबिंदू (ज्या तापमानाला त्यातून द्रव सुटू लागतो ते) कितीतरी अंशांनी वर नेते. बेंझीन, टोल्यूइन, झायलीन वेगळे मोजून मागा. मागणी रेटून धरा. हा रिपोर्ट नीट नसेल तर पुढचं सगळं डिझाइन अंदाजपंचे होतं.

पलीकडे काय हवं तेही लिहून ठेवा. पाइपलाइनला साधारण २ ते ३ टक्के कार्बन डायऑक्साइड चालतो, हायड्रोजन सल्फाइड मात्र ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४ भाग) आसपासपर्यंतच चालतो. गॅस अतिथंड करून त्याचा द्रव (एलएनजी) करायचा असेल तर कार्बन डायऑक्साइड ५० पीपीएमच्या खाली जावा लागतो. ते एकट्या मेम्ब्रेनचं काम नाही.

पायरी २: पडदा गाळणी नाही, हे डोक्यात पक्कं करा

नव्या माणसाचा पहिला गैरसमज असा की पडद्याला बारीक भोकं असतात, लहान रेणू त्यातून जातात आणि मोठे अडकतात. तसं नाही. सुके बोंबील प्लास्टिकच्या पिशवीत कितीही घट्ट बांधा, तासाभरात कपाटभर वास. पिशवीला भोक नसतं. वासाचे रेणू प्लास्टिकमध्ये एका बाजूने विरघळतात, आतून सरकत जातात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. मेम्ब्रेनमध्ये अगदी हेच घडतं. कार्बन डायऑक्साइड पॉलिमरमध्ये मिथेनपेक्षा जास्त विरघळतो आणि रेणू अंगाने बारीक असल्यामुळे सरकतोही लवकर. पाण्याची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइडही झपाझप जातात. मिथेन, इथेन, नायट्रोजन मागे रेंगाळतात.

जे पलीकडे गेलं ते परमिएट, कमी दाबाचं. जे अलीकडे उरलं ते रेसिड्यू, जवळजवळ फीडच्याच (आत येणाऱ्या गॅसच्याच) दाबाचं. विकायचा माल रेसिड्यू आहे. हे दोन शब्द पहिल्या दिवशीच पाठ करा. कंट्रोल रूममध्ये यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

काम करणारा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन, यावरून कल्पना करा. त्याच पदार्थाचा सच्छिद्र थर खाली आधाराला असतो. अशी रचना १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटपासून केली, ती समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी. तोच पदार्थ १९८० च्या दशकात गॅसकडे वळला. पश्चिम टेक्सासमध्ये तेल वर काढायला जमिनीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो तेलाबरोबर परत येतो. त्याला वेगळं करायला हे पडदे बसवले गेले. आजही सेल्युलोज ॲसिटेट भरपूर चालतं, जोडीला पॉलिइमाइड आलं आहे.

बांधणी दोन प्रकारची. स्पायरल वूंडमध्ये पडद्याची पानं तीन कडांना गोंदाने चिकटवून, मध्ये जाळी घालून, भोकं पाडलेल्या एका नळीभोवती गुंडाळतात. होलो फायबरमध्ये हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. गुंडाळी जरा सोशिक, जुडीत कमी जागेत जास्त पृष्ठभाग. तुमच्याकडे कोणती आहे ते बघा आणि फीड तंतूच्या बाहेरून आहे की आतून तेही विचारून घ्या.

पायरी ३: एकदा तरी हाताने गणित करा

सॉफ्टवेअर आहेच, पण एकदा कागदावर केल्याशिवाय हा धंदा अंगात भिनत नाही.

समजा फीड १०० भाग, दाब ६० बार, कार्बन डायऑक्साइड १० टक्के, बाकी मिथेन. परमिएटचा दाब ३ बार. पडद्याची निवडक्षमता १५, म्हणजे समान जोर मिळाला तर कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या १५ पट वेगाने जातो. शुद्ध वायूंवर लॅबमध्ये सेल्युलोज ॲसिटेटचा हा आकडा ३० च्या आसपास दिसतो. खऱ्या गॅसमध्ये पॉलिमर फुगतो आणि हाती १२ ते १५ लागतात. डिझाइनला लॅबचा आकडा घेऊ नका.

जोर येतो तो आंशिक दाबातून, म्हणजे मिश्रणातल्या एकेका वायूच्या वाट्याच्या दाबातून. फीडमध्ये कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब ६० च्या १० टक्के, म्हणजे ६ बार. पडद्याच्या सुरुवातीच्या टोकाला परमिएट निघतं ५५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं. छान. पण गॅस पुढे सरकत जातो तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड आटतो आणि शेवटच्या टोकाला, २ टक्के उरलेला असताना, पलीकडे जाणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड फक्त १६ टक्के असतो. उरलेला ८४ टक्के मिथेन, म्हणजे तुमचा विकायचा माल.

पूर्ण लांबीची बेरीज केली तर ४ टक्क्यांपर्यंत सफाई करताना ९० भागांतले सुमारे ९ भाग मिथेन परमिएटमध्ये जातात. तेच २ टक्क्यांपर्यंत नेलं की सुमारे १५ भाग. शेवटच्या दोन टक्क्यांसाठी सहा भाग मिथेन! म्हणून पडद्याला ‘अजून थोडं साफ कर’ म्हणण्याआधी त्या थोड्याची किंमत काढा.

याच गणितातून दुसरी मर्यादा दिसते. ६० बार आणि २ टक्के म्हणजे आंशिक दाब १.२ बार. परमिएट ३ बारला असेल तर त्यात कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, पडदा सोन्याचा असला तरी. कुणी परमिएटच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह आवळून दाब ६ बार केला की ही कमाल मर्यादा २० टक्क्यांवर आली. परमिएटचा दाब फुकट वाढू देऊ नका.

इतका मिथेन फ्लेअरला (नकोसा गॅस जाळून टाकायच्या ज्योतीला) किंवा बॉयलरला द्यायचा नसेल तर दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्याचं परमिएट कॉम्प्रेसरने परत दाबायचं, दुसऱ्या टप्प्यातून फिरवायचं आणि तिथला रेसिड्यू पुन्हा सुरुवातीला आणून मिसळायचा. नुकसान काही टक्क्यांवर येतं. पण ‘हलणारा एकही भाग नाही’ हा मेम्ब्रेनचा मोठा गुण तिथे संपतो, कारण कॉम्प्रेसर आला. सिंधमधल्या कादनवारी प्लांटवर १९९५ च्या सुमारास असंच दोन टप्प्यांचं युनिट बसलं, १२ टक्के कार्बन डायऑक्साइड ३ च्या खाली आणण्यासाठी. सिंधमधल्याच कादिरपूरला साडेसहा टक्के २ च्या खाली आणायचे होते. तिथे पाण्याची वाफही पडद्यानेच काढली, वेगळं डिहायड्रेशन लागलं नाही. आपल्यासारखाच गॅस, आपल्यासारखंच ऊन. म्हणून मी ही दोन नावं नव्यांना आवर्जून सांगतो.

पायरी ४: मेम्ब्रेनच हवं का?

इथे थोडक्यात. दाब जास्त, कार्बन डायऑक्साइड भरपूर, जागा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरची किंवा आडरानातली, पाण्याची टंचाई, तर मेम्ब्रेन. कमी दाब किंवा पीपीएमपर्यंत सफाई, तर अमाइन. दोन्ही अडचणी एकत्र असतील तर आधी मेम्ब्रेनने मोठा हिस्सा काढायचा आणि उरलेला अमाइनने. हायड्रोजन सल्फाइड ४ पीपीएमपर्यंत आणायचा असेल आणि फीडमध्ये तो बराच असेल, तर फक्त पडद्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ५: प्रीट्रीटमेंट (पडद्याआधीची सफाई), आणि इथे घाई नको

पडद्याला दोन गोष्टी मारतात: द्रव आणि घाण. द्रव म्हणजे पाणी, कंडेन्सेट (गॅसमधून द्रव झालेले जड हायड्रोकार्बन), कॉम्प्रेसरचं तेल, वरच्या युनिटमधून वाहून आलेलं गॅस सुकवायचं ग्लायकॉल. घाण म्हणजे गंजाची पूड, कार्बनचा भुगा.

साखळीचा क्रम असा: नॉकआउट ड्रम (मोठे थेंब खाली पाडणारी टाकी), कोअलेसर, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा गार्ड बेड, पार्टिकल फिल्टर, प्रीहीटर. मग पडदा.

कोअलेसर धुक्यासारखे बारीक थेंब एकत्र करून खाली पाडतो. त्याचा लेव्हल ट्रान्समीटर खोटं बोलत असेल तर कळणार कसं? दर शिफ्टला साइट ग्लासशी ताडून बघा आणि ड्रेन केलेला द्रव मोजून लिहा. द्रव अचानक वाढला तर वर कुठेतरी सेपरेटर भरून वाहतोय. अचानक शून्यावर आला तर खूश होऊ नका. ड्रेन तुंबला असेल किंवा कार्ट्रिजची सीट सुटून गॅस बाजूने जात असेल.

गार्ड बेडमधला कार्बन जड हायड्रोकार्बन आणि तेलाची वाफ धरून ठेवतो, पण त्याचं पोट मर्यादित असतं आणि तो जागेवर पुन्हा ताजा होत नाही. भरला की बदलायचा. गॅस अंदाजापेक्षा जड निघाला तर हा बेड फार लवकर भरतो आणि भरल्याचं बाहेरून दिसत नाही. जड गॅस असेल तिथे सुरुवातीलाच गॅस थंड करून कंडेन्सेट पाडणं किंवा पुन्हा पुन्हा ताजे करता येणारे ॲडसॉर्बंट बेड बसवणं भाग आहे. पैसे वाचवायला हा भाग कापलेले प्रकल्प पुढे पडदे बदलण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतात. पार्टिकल फिल्टर कार्बनच्या नंतरच हवा. आधी बसवला तर कार्बनचा भुगा सरळ पडद्यावर.

आता प्रीहीटर. गॅस उन्हात तापलेला असताना पुन्हा गरम का करायचा, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. दोन कारणं. पडद्यातून जाणारा वायू मोठ्या दाबातून लहान दाबात येतो आणि थंड होतो, त्यामुळे मॉड्यूलच गार पडतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर मागे राहिलेल्या गॅसमध्ये जड घटकांचं प्रमाण वाढतं, म्हणजे त्याचा दवबिंदू वर सरकतो. तापमान खाली येतंय, दवबिंदू वर चढतोय. मध्ये दोघे भेटले की पडद्याच्या आतच कंडेन्सेट. म्हणून गॅस दवबिंदूपेक्षा बराच गरम ठेवायचा, आणि हे अंतर फीडपाशी न मोजता रेसिड्यूच्या टोकाला हिशेब करून ठरवायचं. मी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देत नाही. उगाच फार गरमही नको. तापमान वाढलं की पडदा जास्त सोडतो, पण निवड ढिली होते.

सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र सांगतो. आखातातल्या एका प्लांटवर पहाटे तीनला हीटर ट्रिप झाला. उत्पादन थांबू नये म्हणून आम्ही ट्रिपचा इंटरलॉक (हीटर गेला की फीड आपोआप तोडणारी व्यवस्था) बायपास करून गॅस चालू ठेवला, अडीच तास. सही माझी होती. सकाळी आकडे ठीक दिसले. आठवड्याभरात परमिएटचा प्रवाह घसरायला लागला आणि रेसिड्यूतला कार्बन डायऑक्साइड वर चढला. शटडाउनमध्ये एक नळकांडं उघडलं, एलिमेंट (आतली पडद्याची गुंडाळी) बाहेर ओढलं. त्याच्या तोंडाशी पांढरा टिश्यू पेपर टेकवला तर पिवळट, तेलकट डाग हळूहळू पसरत गेला, पेट्रोलपंपावर येतो तसा वास. त्या बँकेतले (नळकांड्यांच्या गटातले) सगळे एलिमेंट बदलावे लागले. अडीच तासांच्या गॅसची किंमत त्यापुढे काहीच नव्हती. हीटर गेला की फीड बंद. इंटरलॉक त्यासाठीच आहे, त्याला हात लावू नका.

पायरी ६: चालू करताना, बंद करताना

हवा घालवायला कोरडा नायट्रोजन वापरा. दाब हळूहळू चढवा, उतरवतानाही हळूहळू. वेग उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो, तो शिफ्टच्या भिंतीवर चिकटवून ठेवा. झटक्याने दाब सोडला की आत विरघळलेला वायू पॉलिमर फाडत बाहेर येतो, आणि गुंडाळी सरकते ती वेगळीच.

सगळ्यात कडक नियम: परमिएटचा दाब फीडच्या दाबापेक्षा कधीही, एक क्षणही, जास्त होता कामा नये. पडदा एका बाजूने आधार असलेला आहे. उलटा दाब आला की गोंदाच्या कडा उकलतात आणि ते परत जुळत नाही. शटडाउनमध्ये फीडची बाजू व्हेंट झाली आणि परमिएटच्या हेडरमधून गॅस मागे आला, असा अपघात सहज होतो. परमिएटच्या लाइनवर चेक व्हॉल्व्ह आणि रिलीफ दोन्ही आहेत का, ते पहिल्या आठवड्यात स्वतः चालत जाऊन बघा. ड्रॉइंगवर असणं पुरेसं नाही.

पायरी ७: रोज काय वाचायचं

फीड, रेसिड्यू आणि परमिएट तिन्हींचे प्रवाह, दाब, तापमान आणि कार्बन डायऑक्साइड. वहीत, हाताने, रोज. मग त्यातून रोग ओळखता येतो. परमिएटचा प्रवाह कमी होतोय आणि रेसिड्यूत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तर पडदा माखला आहे. परमिएटचा प्रवाह वाढला आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड घटला, तर कुठेतरी गळती: फाटलेलं पान किंवा बसकण मारलेला ओ-रिंग. कोणत्या नळकांड्यात, ते शोधायला प्रत्येकाच्या परमिएटवर नमुन्याचा छोटा व्हॉल्व्ह असतो. रंग बदलणाऱ्या काचेच्या नळीने एकेक तपासत जा. बाकी सगळे पन्नास टक्के कार्बन डायऑक्साइडच्या आसपास असताना एखादं तीस दाखवत असेल तर चोर सापडला.

फीड कमी झालं तर बँका बंद करा. निम्म्या गॅसला पूर्ण पृष्ठभाग दिला की गरजेपेक्षा जास्त सफाई होते आणि पायरी ३ मधला तो महागडा मिथेन वाहून जातो. ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रेसिड्यूचा आकडा सुंदर दिसत असतो.

पायरी ८: जिवाची काळजी

सावर गॅसमध्ये परमिएट सर्वांत धोक्याचं, कारण हायड्रोजन सल्फाइड तिकडे गोळा होतो. दाब कमी आहे म्हणून लोक त्या बाजूला सैल वागतात. सडक्या अंड्याच्या वासावर विसंबू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. खिशाला डिटेक्टर, तो १० पीपीएमला वाजला की वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर. साथीदार कोसळला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय त्याच्याकडे धावू नका. हे वाचायला निर्दय वाटतं, पण एकामागून एक दोघे-तिघे गेल्याच्या घटना याच धावण्यातून होतात.

फिल्टर उघडताना कार्ट्रिजवर काळी भुकटी दिसली तर ती आयर्न सल्फाइड असू शकते. हवा लागली की ती आपोआप तापते, पेटते. होज आधीच आणून ठेवा, कार्ट्रिज ओलं करूनच बाहेर काढा आणि ओलंच ठेवून विल्हेवाटीला पाठवा.

हे काम महाराष्ट्रात कुठे?

नैसर्गिक वायूतलं मेम्ब्रेन शिकायला बहुतेकांना आखातात किंवा आग्नेय आशियात जावं लागतं. पण घराजवळही एक दार उघडलं आहे. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) बायोगॅस आणि त्यापासून सीबीजी (साफ करून दाबलेला बायोगॅस). कच्च्या बायोगॅसमध्ये साधारण निम्म्यापेक्षा थोडा जास्त मिथेन, बाकी बराचसा कार्बन डायऑक्साइड. भारतीय मानक आयएस १६०८७ प्रमाणे विक्रीच्या गॅसमध्ये मिथेन किमान ९० टक्के लागतो. काही प्लांट त्यासाठी पॉलिइमाइडचे तंतू वापरतात. दाब इथे खूप कमी, दहा-पंधरा बारच्या घरात, म्हणून कॉम्प्रेसर पडद्याच्या आधीच येतो आणि त्याचं तेल हाच मोठा शत्रू. जड हायड्रोकार्बनची भीती नाही, पण प्रेसमडच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड भरपूर निघतो, अमोनियाही असतो. दोन्ही पडद्याआधी काढायचे, नंतर कार्बन बेड आणि बारीक फिल्टर. अशा प्लांटवर तुमची नेमणूक झाली तर पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न दोनच: कार्बन शेवटचा कधी बदलला, आणि कॉम्प्रेसरनंतरच्या कोअलेसरमधून काल किती तेल निघालं.